ताणलेला दोर कुणाच्या जबाबदारीवर?

किहीमच्या किनाऱ्यावर गाडी रुतणं आता नवलाचं राहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी सुरूच्या बनातून गाडी खाली उतरते, ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या वाळूवर फेऱ्या मारते, आणि वळताना कधीतरी मागची चाकं जागच्या जागी फिरू लागतात. गाडीतली माणसं उतरून ढकलतात. मग घोडागाडीवाले, टपरीवाले मदतीला धावतात, शेवटी कुणीतरी ट्रॅक्टर बोलावतो. दोर कुणाच्या तरी होडीतला असतो, हूक कुणाच्या तरी गॅरेजमधला, आणि ‘ओढ, ओढ’ म्हणून ओरडणारे एकाच वेळी पाच-सहा जण. गाडी बहुतेक वेळा निघते, आणि निघते म्हणूनच या रीतीत केवढा धोका आहे याचा विचार कुणी करत नाही.

मला गावापुढे एवढंच मांडायचं आहे: रुतलेली गाडी ओढणं हे टनावारी वजन हलवण्याचं काम आहे आणि ते तसंच केलं पाहिजे. त्याला ठरलेली माणसं हवीत, तपासलेलं सामान हवं, आणि जो उभा राहून काम करून घेतो त्याच्या शब्दाला मान हवा. मुद्दे असे.

१. गाडी वाळूवर येऊच नये, हा पहिला उपाय.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची गाडी थेट आपल्या दारात आली. त्याने गावात पैसा आला, हे चांगलंच झालं. पण किनाऱ्याकडे जाणारे रस्ते तेवढेच राहिले आणि त्यांच्या तोंडाशी अडवणारं काही उभं राहिलं नाही. जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याच्या किनाऱ्यावर रीलसाठी पाण्यात घातलेल्या दोन थार गाड्या अडकल्या आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आपल्या शेजारी रेवदंड्याला वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडी जोडून काढावी लागली, ती चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. मला त्यात ते बैल आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली माणसं दिसतात.

किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर लोखंडी खांब आणि कुलपाची साखळी हवी. किल्ली ग्रामपंचायतीत आणि जीवरक्षकांकडे राहावी, म्हणजे रुग्णवाहिका आणि होड्या ओढणारा ट्रॅक्टर अडणार नाही. वाळूच्या उंचवट्यावरची मर्यादवेल चाकाखाली गेली की वाळू सुटते आणि समुद्र आत येतो. त्यासाठी तरी ही साखळी हवीच.

२. भरतीची वेळ पाहिल्याशिवाय कामाला हात लावू नये.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना घड्याळाशिवाय भरती कळते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईहून आलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. द्वादशीच्या दिवशी तो दुपारी तीनला किनाऱ्यावर येतो तेव्हा पाणी पार लांब गेलेलं दिसतं आणि वाळू रस्त्यासारखी सपाट वाटते. गाडी रुतली, ढकलून झालं, फोनाफोनी झाली की पाच वाजतात. तोवर पाणी परतीला लागलेलं असतं.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात ती एकूण उंचीच्या बाराव्या भागाइतकीच येते, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी भरतं. म्हणजे ज्या वेळी माणसं ‘अजून बराच वेळ आहे’ म्हणतात, नेमकं त्याच वेळी पाणी सर्वांत वेगाने चढायला सुरुवात करतं. उधाणाला मुंबईच्या समुद्रात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. आपला किनारा उताराला मंद आहे. पाणी एक मीटर चढलं की ते वाळूवर कित्येक मीटर आत आलेलं असतं. शिवाय प्रत्येक लाट चाकाच्या बाजूची वाळू उपसून नेते आणि गाडी आपल्याच वजनाने खाली बसत जाते. घाई होते ती यामुळे, आणि दोर तुटतो तो त्या घाईत.

३. जोर किती लागणार, ते आधी अजमावावं.

लष्करी वाहनं चिखलातून काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. चाकाच्या मध्यापर्यंत रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली की दुप्पट, आणि त्याहून वर चिखल आला की तिप्पट. दोन टनांची जीप मडगार्डपर्यंत गेली असेल तर चार टन, वर किनाऱ्याचा चढ वेगळा. होडीच्या नांगराचा दोर त्यासाठी केलेला नसतो.

हा जोर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फावडं. चारही चाकांपुढची वाळू उतार करून काढावी आणि गाडीचं पोट वाळूवर टेकलं असेल तर तेही मोकळं करावं. टायरमधली हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. चाकाखाली फळ्या सारल्या तर पुष्कळ गाड्या दोर न लावताच निघतात. अर्धा तास खणायचा कंटाळा करून चार टन ओढायला जाणं यात शहाणपण नाही.

४. कप्पीने जोर वाढतो, पण ती कुठे बांधली यावर.

हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण याबाबत जाणकार म्हणवणारेही चुकतात. विहिरीवरची कप्पी फक्त दिशा बदलते. बादली जेवढी जड तेवढाच जोर हाताला लागतो. किनाऱ्यावर झाडाला कप्पी बांधून दोराचं एक टोक गाडीला आणि दुसरं ट्रॅक्टरला जोडलं, तर तेच होतं. ट्रॅक्टरने दोन टन ओढलं तर गाडीला दोनच टन मिळतात. पण झाडावर दोन्ही बाजूंचा ताण एकवटतो. दोर समांतर असतील तर त्या झाडावर चार टन, काटकोनात असतील तर जवळपास पावणेतीन टन. मदत काडीची नाही आणि झाड उपटायची तयारी पूर्ण.

जोर दुप्पट करायचा तर कप्पी रुतलेल्या गाडीला लावावी लागते. दोराचं एक टोक पक्क्या खुंटाला बांधायचं, दोर गाडीवरच्या कप्पीतून फिरवून दुसरं टोक विंचला, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला, द्यायचं. आता विंचने दोन टन ओढले की गाडीवर जवळजवळ चार टन येतात; थोडं घर्षणात जातं. गाडी निम्म्या वेगाने सरकते आणि दोर दुप्पट लागतो. रुतलेल्या गाडीला स्वतःचं विंच असेल तर कप्पी खुंटाला लावून दोराचं टोक परत त्याच गाडीला आणायचं. तिथेही गाडीला दुप्पट जोर मिळतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट विसरायची नाही: कप्पी ज्या शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) आणि ज्या पट्ट्याने बांधलेली आहे त्यांच्यावर दोराच्या दुप्पट ताण असतो. दोर दोन टनांचा म्हणून शॅकलही दोन टनांचं लावलं, तर सगळ्यांत आधी तेच जाणार.

विंचवर लिहिलेली ताकद ही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. थरावर थर चढत गेले की ओढ घटत जाते, आणि भरलेल्या ड्रमवर ती तिसऱ्या हिश्श्यानेही कमी असू शकते. कप्पी लावली की जास्त दोर बाहेर काढावा लागतो, थर उतरतात आणि विंच आपल्या खऱ्या ताकदीने ओढतं. हा कप्पीचा दुसरा फायदा. मात्र सगळा दोर कधीही उकलू नये. वायररोपचे किमान पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा ताण टोकाच्या त्या एका बोल्टवर जातो.

५. सुरूचं झाड हा खुंट नव्हे.

आपल्या बनातल्या सुरूंकडे नीट पाहा. किनारा खचत चालला तशी कित्येक झाडांची मुळं उघडी पडली आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा झाडं कशी आडवी झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. अशा झाडाला दोन-चार टनांचा ताण देणं म्हणजे ते गर्दीवर पाडणं. उभं राहिलं तरी वायररोप सालीत रुततो, साल भोवताली कापली जाते आणि झाड पुढे वाळतं.

वाळूत खुंट करायची जुनी रीत आहे. हात-दीड हात नव्हे, छातीइतका खड्डा खणायचा, त्यात ओढीला आडवं जाड लाकूड किंवा स्टेपनीचं चाक पुरायचं, त्याला पट्टा बांधून तो तिरप्या चरातून वर आणायचा आणि वाळू दाबून भरायची. ओल्या वाळूत हा खुंट चांगला धरतो. रुंद पट्टा लावून मोठं, मुळं झाकलेलं, आतल्या बाजूचं झाड वापरलं तरी पट्टा बुंध्याच्या अगदी तळाशी असावा.

६. सामान हातात घेऊन बघावं.

शॅकल उचलून उजेडात धरलं की त्याच्या अंगावर उठवलेला आकडा दिसला पाहिजे. तो आकडा म्हणजे ते रोज सुरक्षितपणे किती भार घेऊ शकतं याचा. आकडा नसेल, गंजाने खड्डे पडले असतील, पिनचे आटे झिजले असतील किंवा पिनऐवजी बोल्ट घातला असेल, तर ते भंगारात जावं. वायररोपवरून फडकं फिरवलं आणि ते जागोजागी अडकलं, तर आतल्या तारा तुटून काटे बाहेर आले आहेत. म्हणून फडकं, नुसता हात नव्हे, आणि हातमोजे तर नेहमीच. टोकाला क्लॅम्पने फास केला असेल तर क्लॅम्पची बैठक ताणाच्या दोरावर आणि यू-बोल्ट उरलेल्या टोकावर हवा. उलटा लावला की यू-बोल्ट ताणाचा दोरच चेंगरतो. दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. तुटलेला दोर गाठ मारून वापरणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते थांबलं पाहिजे.

पॉलिएस्टरच्या पट्ट्यांचे रंग पाठ करण्यासारखे आहेत: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. शिवण उसवलेला किंवा कडेला कापलेला पट्टा, रंग कुठलाही असो, बाद.

गाडीच्या मागे ट्रेलरसाठी बसवलेल्या गोळ्याला दोर अडकवू नये. तो सपाट रस्त्यावर ट्रेलर ओढण्यासाठी असतो. रुतलेल्या गाडीच्या ओढीने तो मानेतून तुटला, तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि देशोदेशी माणसं याने मेली आहेत. मोटारीच्या बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूकही फक्त बंद पडलेली गाडी रस्त्याने न्यायला दिलेला असतो. बंपर, ॲक्सलचा रॉड, जेसीबीच्या बकेटचा दात या जागा तर मुळीच नकोत. दोर चासीला बोल्टने घट्ट बसवलेल्या, भार घेणाऱ्या हुकालाच लागावा.

७. ट्रॅक्टरवाल्याचा जीव.

वरवर सर्वांत भक्कम दिसतो तो ट्रॅक्टर, आणि सर्वांत आधी धोक्यात येतो त्याचा चालक. दोर टॉप लिंकला किंवा सीटच्या मागच्या कुठल्याही उंच जागेला बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि तो मागे उलटतो. उलटायला लागतो एक-दीड सेकंद. एवढ्या वेळात क्लच दाबायलाही सुचत नाही. दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधावा, क्लच हळू सोडावा, आणि पुढची चाकं हलकी वाटली की तिथेच थांबावं. दोर ढिला ठेवून वेगाने धावत जाऊन हिसका द्यायचा प्रकार मी वाईटातला वाईट मानतो, कारण त्या झटक्यात दोरावर किती ताण येईल याचा अंदाज कुणालाच नसतो. सावकाश ओढणारं विंच किंवा कारखान्यात वापरतात तसं हाताने चालवायचं तारेचं ओढयंत्र यापेक्षा कधीही बरं.

८. माणसं दोरापासून दूर.

तीन टनांच्या ताणाने नायलॉनचा दोर दोन मीटर लांबला असेल, तर त्यात साठलेली शक्ती ताशी वीस किलोमीटरने धावणाऱ्या दोन टनांच्या गाडीइतकी असते. दोर तुटला की ती सगळी सुटते, आणि टोकाला शॅकल असेल तर ते सोबत घेऊन सुटते. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेईत रस्सीखेचीच्या सामन्यात शेकडो माणसं ओढत असताना नायलॉनचा दोर तुटला आणि दोघांचे हात खांद्यापासून उखडले गेले. तिथे ना विंच होतं ना ट्रॅक्टर.

म्हणून ताण यायच्या आधी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर जावं. दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, दोर ओलांडू नये, आणि कप्पीपाशी दोर वळतो त्या कोनाच्या आत तर कुणीच नको, कारण कप्पी सुटली की दोर तिथूनच फटकारत जातो. दोराच्या मधोमध ओली गोणी किंवा जाड चादर टाकावी, म्हणजे तुटलेलं टोक उडण्याऐवजी खाली पडायला मदत होते. गाडीत फक्त चालक, काचा वर. व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना हटवायला एक वेगळा माणूस लागतो, हे मी किनाऱ्यावरची गर्दी पाहून सांगतो.

आणि आवाज एकाचाच. बाकी कुणी ‘ओढ’ म्हणायचं नाही. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावं, आणि ते ऐकलंच पाहिजे.

९. सामान गावाचं, माणसं शिकवलेली.

आपल्यापासून थोड्याच अंतरावर थळचा आरसीएफचा कारखाना आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम २९ मध्ये घालून दिलेली शिस्त अशी की वजन उचलायची साखळी, दोर, कप्पी यांच्यावर सुरक्षित भाराचा आकडा असावा आणि जाणकार माणसाने त्यांची वर्षातून किमान एकदा कसून तपासणी करावी. तीच चेनकप्पी कुंपणाबाहेर किनाऱ्यावर आली की तिला विचारणारं कुणी नसतं. कारखान्यात रिगर म्हणून, म्हणजे अवजड वजन उचलण्या-हलवण्याच्या कामात, आयुष्य घालवलेली, निवृत्त झालेली माणसं आपल्याच आसपासच्या गावांत राहतात. त्यांना बोलवावं. होड्या ओढून काढणाऱ्या कोळी बांधवांना वाळू आणि पाणी दोन्ही कळतं. या दोघांकडून जीवरक्षकांना आणि गावातल्या आठ-दहा तरुणांना शिकवावं.

ग्रामपंचायतीने एक संच घ्यावा: हाताने चालणारं ओढयंत्र, दोन कप्प्या, आकडा असलेली शॅकल, पट्टे, फावडी, फळ्या, हवा भरायचा पंप, हातमोजे. कुलूपबंद खोलीत नोंदवहीसकट ठेवावा आणि वर्षाला तपासून घ्यावा. दर ठरवून पावती द्यावी. आज जो पैसा गर्दीत घासाघीस करून दिला-घेतला जातो, तो पंचायतीत येईल आणि काम करणाऱ्याला त्याचा मेहनताना हक्काने मिळेल. पर्यटकांच्या चुकीसाठी गावाने खर्च का करावा, असं कुणी विचारेल. निसर्ग वादळानंतर रस्त्यावरची झाडं हटवायला हेच सामान लागलं असतं, आणि पुढच्या वादळाला लागणार आहे. होडी काढायला, विहिरीतला पंप उचलायलाही ते कामी येईल.

१०. नाही म्हणण्याचा अधिकार.

भरतीला दोन तास उरलेले नसतील, अंधार पडत असेल, चासीला धड हूक नसेल किंवा चालकाने दारू घेतलेली असेल, तर काम घ्यायचं नाही. हा निर्णय किनाऱ्यावर उभं राहून काम करून घेणाऱ्या प्रमुखाने घ्यायचा आणि गाडीच्या मालकाने कितीही पैसे दाखवले, कुणाचीही ओळख सांगितली, तरी तो बदलायचा नाही. गाडीतली माणसं आणि कागदपत्रं बाहेर काढायची, जमल्यास बॅटरीची तार सोडायची, ११२ वर कळवायचं आणि गाडी पाण्याला सोडून द्यायची. पुढच्या ओहोटीला, उजेडात, ती काढता येते.

असा नकार देणारा पोरगा एकटा पडता कामा नये. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वी, ठराव घ्यावा आणि त्यात स्पष्ट लिहावं की प्रमुखाने काम नाकारलं तर तो नकार ग्रामपंचायतीचा समजला जाईल. ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला द्यावी आणि फलक साखळीच्या खांबावर लावावा, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, भरतीच्या त्या दिवसाच्या वेळेसह. वेळ रोज खडूने लिहायची जबाबदारी कुणाची, त्याचंही नाव त्याच ठरावात असावं.